सिस्टर ब्रिजितांचा दहावा

१

नूतनची सकाळ ठरलेली होती. नवऱ्याला, म्हणजे कमळाकरला, डबा देऊन रोह्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला धाडायचं, भाविकाच्या वेण्या घालून तिला शाळेच्या रिक्षात कोंबायचं, आणि मग पदर खोचून दवाखान्याकडे निघायचं. दवाखाना निडी स्टेशनच्या पलीकडे, फाटक ओलांडलं की लगेच. पुढे पडवी, पडवीत बाकडी, आत औषधांची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक चिंचोळी खोली. एवढाच कारभार.

तिथे दोन सिस्टर राहायच्या. तरुण सिस्टर जेसिंता नर्स होत्या. गोळ्या, इंजेक्शनं, मलमपट्टी सगळं त्या बघायच्या. दुसऱ्या मोठ्या सिस्टर ब्रिजिता. त्या नेमकं काय करायच्या हे कुणालाच धड सांगता आलं नसतं, पण बाकड्यावरची निम्मी माणसं त्यांच्यासाठी आलेली असायची. त्या येऊन शेजारी बसायच्या, दुखऱ्या जागेवर हात ठेवायच्या, आणि उठून जायच्या. मूळच्या वसईच्या, बोलणं गोड आणि थोडकं.

त्यांचं राहणं बघून नूतनचा जीव चुटपुटायचा. दिवसातून एकदा पेज, तीही मिठाशिवाय. पायात चप्पल नाही. मागच्या चिंचोळ्या खोलीत खाट होती, खाटेवर घडीची चादर होती, पण ती घडी मोडलेली नूतनने कधी पाहिली नाही. सिस्टर रात्रभर लाकडी खुर्चीत ताठ बसून असायच्या. दुपारी बाराच्या सुमारास दार लोटून घ्यायच्या ते चहाच्या वेळेपर्यंत उघडायच्या नाहीत. ती त्यांची प्रार्थनेची वेळ होती, आणि तेवढ्यात कुणी हाक मारायची नाही असा दवाखान्याचा नियम होता.

"सिस्टर, एवढं उपाशी राहून देवाला काय मिळतं वो?" नूतनने एकदा पेज वाढताना विचारलं होतं. तिची जीभ कुणापुढे आखडायची नाही.

"देवाला काही नाही मिळत, बाय," सिस्टर म्हणाल्या. "मला मिळतं."

नूतन पगार घेत होती, खोटं कशाला बोला. पण पगार नसता तरी ती आली असती. भाविकाला लहानपणापासून आकडी यायची. बहुतेक वेळा दुपारीच, ऐन जेवायच्या वेळेला. पोर धाडकन पडायची, डाव्या हाताचा अंगठा मुठीत जायचा, टाचा जमिनीवर ताडताड आपटायच्या. ओसरलं की डोळे न उघडताच म्हणायची, "आये, पाणी." शाळेतून निरोप आला की नूतन हातातलं काम टाकून धावायची. पेणच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण कधी लागू पडायच्या, कधी नाही.

मागच्या पावसाळ्यानंतर ती भाविकाला घेऊन दवाखान्यात आली होती. सिस्टर ब्रिजितांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग नूतनकडे बघून विचारलं, "हिचं दुखणं मला देतेस?"

म्हाताऱ्या माणसाला आपण जसं हसून हो म्हणतो तसं नूतन म्हणाली, "घ्या की, सिस्टर."

त्या दिवसापासून भाविकाला आकडी आली नाही. त्याच सुमारास पेणच्या डॉक्टरांनी गोळीही बदलली होती, हे खरं. पण नूतनच्या लेखी हिशेब सरळ होता. दुसऱ्याच आठवड्यात तिने दवाखान्यातलं झाडलोटीचं आणि स्वयंपाकाचं काम मागून घेतलं.

२

पौषातली दुपार होती. शेतांत वाल भराला आला होता. पडवीत उन्हाची तिरीप आली होती आणि नूतन मागच्या बोळात लादी पुसत होती. सिस्टरांच्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं.

आत कुणीतरी चालत होतं. एक पाय टेकल्याचा आवाज, मग दुसरा फरफटत ओढल्याचा. वळताना दर वेळी एक बारीकसं "हंऽ".

नूतनला हसू आलं, आणि जरा रागही आला. ही चाल सगळ्या गावाला ठाऊक होती. जगन तात्या बांधावरून पडून खुब्यातून अधू झाले त्याला खूप वर्षं झाली होती, आणि ते वळताना असंच "हंऽ" करायचे. म्हातारा प्रार्थनेच्या वेळी आत जाऊन बसला म्हणजे काय? तिने फडकं बादलीत टाकलं आणि जेसिंता सिस्टरांना सांगायला पडवीत आली.

जगन तात्या पडवीत बाकड्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते.

"तात्या, तुम्ही आत होतात ना आता?"

"आत कशाला जाऊ? मी हिथंच हाय गो, कवाचा." त्यांनी मूठभर दाणे तिच्यापुढे धरले. "घे, बिरड्याला होतील."

मग ते उठले, टरफलं गोळा केली आणि पडवीच्या पायऱ्या उतरून उकिरड्याकडे गेले. नूतन बघत राहिली. तात्या सरळ चालत होते. दोन्ही पाय सारखे पडत होते. असं कधीपासून झालं हे तिला आठवेना. माणूस लंगडायचा थांबला तर ते कोण लक्षात ठेवतो.

"तात्या, पाय बरा हाय आता?"

"दिवाळीपासनं," तात्या म्हणाले. "सिस्टरनी हात ठेवला. त्येंचे उपकार. मला म्हन्ल्या, हे मला देताय का, मी म्हन्लं घ्या, ह्या म्हाताऱ्या खुब्याला कोन इचारतो."

नूतन पुन्हा बोळात आली. आतला आवाज थांबला होता. तिने लादी पुसून घेतली, पण दारापासून जरा लांबूनच.

३

नूतन काही भोळी बाई नव्हती. तिने स्वतःची समजूत घातली. सिस्टर म्हाताऱ्या आहेत, रात्ररात्र खुर्चीत बसून पाय आखडत असणार. आखडलेल्या पायाने कुणीही लंगडेल. लंगडण्यावर काही जगन तात्यांचं नाव कोरलेलं नाही.

ही समजूत आठवडाभर टिकली.

नंतरच्या एका दुपारी भांडी घासताना स्वयंपाकघराच्या भिंतीतून ठोका आला. भिंतीपलीकडे सिस्टरांची खोली. मऊसा ठोका, कपाळ टेकल्यासारखा. थोडं थांबून दुसरा. आणि प्रत्येक ठोक्यामागून दबका आवाज यायचा, "या अल्ला."

नूतनने नळ बंद केला.

शेजारच्या खतीजाची अर्धशिशी साऱ्या आळीला माहीत होती. तिचा नवरा कुवेतला, घरात ती आणि सासू. डोकं उठलं की ती भिंतीला कपाळ लावून उभी राहायची, हळूहळू कपाळ आपटायची आणि हेच म्हणायची. नूतनने तिच्या डोक्याला बाम चोळत कितीदा तरी ते ऐकलं होतं. पण खतीजा आत्ता घरी होती. सकाळीच तिने गच्चीतून कपडे वाळत घालता घालता हाक मारली होती, आणि ऐन उन्हात उभी होती. पूर्वी तिला उन्हाची तिरीपसुद्धा सोसायची नाही.

आलेलुया म्हणत असतील, नूतनने मनाशी म्हटलं. ख्रिस्ती लोक आलेलुया म्हणतात. भिंतीतून नीट ऐकू येत नाही.

मग पुन्हा ठोका आला, आणि पुन्हा तेच शब्द, अगदी स्वच्छ. नूतनने नळ मोठा सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

रात्री जेवताना तिने कमळाकरला सांगितलं. तो शिफ्ट करून आंबलेला होता. "म्हातारं मानूस बडबडतं," तो म्हणाला. "तू तिथं कामाला जातेस का कान लावायला?" पलीकडे भाविका पाढे म्हणत, पाय हलवत, भात खात होती. तिच्याकडे बघितल्यावर नूतनला पुढचं बोलवेना. तिच्या मनात एक विचार येऊ बघत होता आणि ती त्याला उंबऱ्यातच अडवून धरत होती.

४

अडवून किती दिवस धरणार. एका दुपारी, भात शिजत असताना, ताडताड असा आवाज आला.

नूतनच्या हातातलं झाकण पडलं. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. जमिनीवर आपटणाऱ्या टाचा. तिचे पाय तिला न विचारताच धावले, दुपारी धावायची त्यांना इतकी वर्षं सवय होती. ती बोळातून दारापाशी आली आणि तिने कडीला हात घातला. मग तिला आठवलं की भाविका शाळेत आहे.

दाराला आतून कडी नव्हती. तिने बोटभर लोटलं.

खोलीत उजेड कमी होता. दाराकडे पाठ केलेली खुर्ची दिसली, आणि खुर्चीच्या बाजूने लोंबणारा एक हात. सुरकुतलेला, म्हातारा हात. त्याची मूठ वळलेली होती आणि अंगठा मुठीत गेला होता. डावा हात. खुर्चीचे पाय लादीवर थरथरत होते. मग हळूहळू थरथर ओसरली, मूठ सैल झाली, आणि खुर्चीतून आवाज आला.

"आये, पाणी."

तो सिस्टरांचा आवाज नव्हता. तो तिच्या लेकीचा आवाज होता, आकडीनंतरचा, जड जिभेचा.

नूतन आत गेली नाही. हे तिने नंतर कुणालाच सांगितलं नाही. पाणी दोन पावलांवर होतं, माठ बोळातच होता, आणि तरी ती आत गेली नाही. तिने दार होतं तसं लोटलं, स्वयंपाकघरात आली, आणि भात करपला होता तो खरवडत बसली.

चहाच्या वेळेला सिस्टर बाहेर आल्या. चेहरा राखेसारखा, पण डोळे हसरे. स्वतःच माठातून पाणी घेऊन प्यायल्या, मग विचारलं, "भाविका शाळेत गेली ना आज?"

"गेली. आज त्यांच्या शाळेत खेळ हायेत. ती धावण्यात हाय."

"धावू दे," सिस्टर म्हणाल्या. त्या इतक्या खूश झाल्या की नूतनला त्यांच्याकडे बघवेना.

"सिस्टर, मी दार उघडलं होतं."

"मला कळलं."

"तुम्हाला किती त्रास होतो. मला माहीत नव्हतं. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, घ्या म्हणून."

सिस्टरांनी तिचा हात हातात घेतला. त्यांचा तळवा कोरडा आणि खरखरीत होता. "नूतन, मी तरुणपणी देवाकडे एकच मागितलं होतं. लोकांचं दुखणं मला दे. वर्षानुवर्षं तो गप्प होता. म्हातारपणी दिलं. तू मला तुझ्या लेकीचं दिलंस त्या रात्री मी किती आभार मानले, तुला काय सांगू. तू वाईट वाटून घेऊ नको."

नूतन रडली. रडता रडता तिच्या तोंडून मनातलं खरं निघून गेलं. "आणि तुम्ही गेल्यावर?"

विचारलं आणि तिची तिलाच लाज वाटली. सिस्टरांना मात्र राग आला नाही.

"तेही मागून ठेवलंय," त्या म्हणाल्या, आणि पेजेची वाटी घेऊन खोलीत गेल्या.

५

माघ लागला आणि सिस्टर गेल्या. सकाळी जेसिंता सिस्टर त्यांना उठवायला गेल्या तर त्या खुर्चीतच होत्या, मान किंचित कलती. सगळं गाव लोटलं. बायका रडल्या, पुरुष टोप्या हातात घेऊन अंगणात उभे राहिले. दुपारी त्यांच्या मठाची गाडी आली आणि देह मुंबईला घेऊन गेली, तिथल्या दफनभूमीत पुरायला. जगन तात्या गाडीमागे फाटकापर्यंत गेले. तात्या गाडीमागे धावले, हे नूतनने नीट पाहिलं.

तिचा सगळा जीव भाविकापाशी होता. ती पोरीला शाळेत सोडायला जाऊ लागली, आणायला जाऊ लागली, झोपेत तिच्या टाचांवर हात ठेवून पडू लागली. "आये, काय गो तू," भाविका वैतागायची. काही झालं नाही. खतीजा उन्हात उभी राहत होती, तात्या सरळ चालत होते, भाविका धावत होती. गोळ्यांनीच बरी झाली होती तर, नूतनने स्वतःला सांगितलं, आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिने देवापुढे नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी ती सिस्टरांची खोली झाडायला गेली. खिडकी उघडली, खाटेवरची चादर झटकली, खुर्ची पुसून भिंतीशी लावली. बाहेर येऊन दार लोटलं. बोळात येते तोच आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बारा वाजायला आले होते.

मांजर असेल, नूतनने म्हटलं. खिडकी उघडी आहे.

मग एक पाय टेकल्याचा आवाज आला, आणि दुसरा फरफटल्याचा. थोड्या वेळाने भिंतीवर मऊ ठोके. ती बोळात उकिडवी बसून राहिली. तिला पळावंसं वाटत होतं आणि पळावंसं वाटतही नव्हतं, कारण पुढे काय येणार हे तिला माहीत होतं आणि ते आलं नाही तर, ही भीती तिला बसवून ठेवत होती. ते आलं. टाचा ताडताड वाजल्या, बराच वेळ वाजल्या, मग थांबल्या.

नूतन उठली, माठातून पेलाभर पाणी घेतलं, दार उघडलं. खोली रिकामी होती. खुर्ची तिने भिंतीशी लावली होती तिथे नव्हती. ती खोलीच्या मधोमध होती, दाराकडे पाठ करून. तिने पेला खुर्चीपाशी ठेवला आणि मागे न बघता बाहेर आली.

मेल्यावर माणूस सुटतो, असं ती आजवर धरून चालली होती. या बाईने सुटायचं नाही असं मागून घेतलं होतं. आणि या ज्ञानासरशी नूतनच्या मनात काय उमटलं असेल तर ते हायसं वाटणं. भीती त्याच्या मागून आली.

६

दहाव्याची कल्पना जगन तात्यांची. "एवढं केलं त्या बाईनं," ते पडवीत सगळ्यांना सांगत होते, "आनि तिला पोर नाय, बाळ नाय. मुंबईला पुरली, तिथं कोन हाय तिचं? आपन करायचा दहावा. मी बसतो पिंडाला."

जेसिंता सिस्टर जरा गोंधळल्या. "तात्या, आमच्यात असं नसतं. आम्ही मिस्सा करतो, मृतासाठी प्रार्थना."

"तुम्ही तुमचं करा की. आमचं आम्ही करतो. मया का वाटून घ्यायची हाय?"

जेसिंता सिस्टरांना नाही म्हणवेना. त्या स्वतःच घाटावर आल्या, पांढऱ्या वेशात, हातात जपमाळ घेऊन.

रोह्याला कुंडलिकेच्या काठी सकाळपासून माणसं जमली. रविवार होता म्हणून पोरंबाळंही आली होती. खतीजा वरच्या पायरीवर भाविकाला जवळ घेऊन उभी होती. गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"माझं लावा," तात्या म्हणाले.

"तुमचं कसं लावू? काश्यप म्हणतो, म्हणजे झालं," गुरुजी म्हणाले. त्यांच्याही आईचे गुडघे दवाखान्यात बरे झाले होते, त्यामुळे जास्त खळखळ केली नाही.

मग प्रश्न आला, नैवेद्याला काय. मेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात. सिस्टरांना काय आवडायचं, हे एवढ्या माणसांत कुणालाच सांगता येईना. तात्यांनी वालाचं बिरडं आणलं होतं, खतीजाच्या घरून खीर आली होती. नूतनने पेज आणली होती, मिठाशिवाय. पिंड ठेवला, पान मांडलं आणि सगळे मागे सरले.

पिंपळावर कावळे भरपूर होते. एकही खाली येईना.

"सिस्टर, दवाखाना चालू ठेवू," सरपंच हात जोडून म्हणाले. कावळे जागचे हलले नाहीत. "तुमच्या नावाची पाणपोई बांधू," कुणीतरी म्हणालं. "जेसिंता सिस्टरना काय कमी पडू देनार नाय," तात्या म्हणाले. बायका एकेक करून पुढे आल्या, काय काय कबूल करून गेल्या. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघू लागले. जीव कशात अडकलाय बाईचा, असं लोक कुजबुजू लागले.

नूतनला माहीत होतं.

एवढ्या माणसांत ते तिला एकटीला माहीत होतं. पाणपोई नको होती, दवाखाना नको होता. दिलेलं परत घ्यायला हवं होतं. घ्या म्हणून दिलं होतं, तसं द्या म्हणून मागायला हवं होतं. आमचं आम्हाला द्या आणि तुम्ही जा, एवढंच. बारा वाजत आले होते, आणि निडीला त्या खोलीत आता खुर्ची सरकली असेल, हेही तिला माहीत होतं. आज, उद्या, परवा. भाविका म्हातारी होईपर्यंत, आणि कदाचित त्याच्याही पुढे.

तिला त्या बाईची फार माया आली. खरोखरची, पोटातून. ती गर्दीतून पुढे झाली आणि पिंडासमोर येऊन उभी राहिली.

"सिस्टर," ती मोठ्याने म्हणाली. "आमचं..."

पिंपळावरून एक कावळा सुटला आणि सरळ खाली आला. पिंडापासून हातभर अंतरावर बसला. कावळ्याने पिंडाकडे पाहिलं नाही. मान वाकडी करून तो नूतनकडे बघत होता, ती पुढे काय म्हणते याची वाट बघत.

वरच्या पायरीवरून भाविकाचा आवाज आला. ती खतीजाला काहीतरी सांगून खिदळत होती.

आणि नूतनच्या तोंडावर हात पडला. कोरडा, खरखरीत तळवा, ओठांवर घट्ट दाबलेला. तो तिने ओळखला. नको बाय, असं कुणी म्हटलं नाही, पण त्या तळव्यात ते होतं. तो दाबही मायेचा होता, रडणाऱ्या पोराला गप्प करताना असतो तसा. नूतनला शब्द काढता येईना. तिचे डोळे भरून आले. उपकारांनी छाती फुटेल असं तिला झालं. नाही म्हणताहेत त्या, तिला वाटलं. त्यांना नकोच आहे सुटका. मी काय करू.

तिने खाली पाहिलं. तो हात तिचाच होता.

तिचा उजवा हात, बोटात तिचंच काळपट पडलेलं वेढं, तिच्याच तोंडावर दाबून धरलेला. तो कधी वर आला हे तिला समजलं नव्हतं. तिने तो काढून बघायचा प्रयत्न केला की नाही, हेही तिला नंतर नीट सांगता आलं नसतं. लोकांनी पाहिलं ते एवढंच की नूतनला हुंदका आवरेना. "रडू नको गो," मागून कुणीतरी म्हणालं.

कावळा थोडा वेळ थांबला. मग उडून नदीपार गेला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. असंही चालतं, म्हणाले. सगळ्यांनी हात जोडले, पाण्यात पिंड सोडला, आणि तात्यांनी बिरडं सगळ्यांना वाटलं. उन्हातून घरी येताना भाविका आईच्या पुढे पुढे पळत होती.

७

महिन्याने दवाखान्याच्या पडवीत मिस्सा झाली. मुंबईहून फादर आले होते. बाकडी पुरली नाहीत म्हणून लोक जमिनीवर, पायऱ्यांवर, अंगणात बसले. सिस्टरांचा फोटो टेबलावर होता आणि त्याला तात्यांनी हौसेने झेंडूचा हार घातला होता. नूतन भाविकाला घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. बोळाचं दार तिने आधीच लावून घेतलं होतं, कारण मिस्सा लांबली तर बारा वाजणार होते.

फादर चांगलं बोलले. सिस्टरांनी किती सोसलं, किती कमी घेतलं, किती दिलं. ऐकताना नूतनला प्रत्येक शब्द खरा वाटत होता आणि फादरना त्यातलं अर्धंही ठाऊक नाही असंही वाटत होतं. तिचे डोळे सारखे वाहत होते. तिच्या आयुष्यात तिच्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. रोज सकाळी खोली झाडताना ती रिकाम्या खुर्चीला हात जोडायची आणि मोठ्याने आभार मानायची. त्यात एक दिवस खंड पडला नव्हता.

"आता सगळ्यांनी माझ्यामागून म्हणा," फादर म्हणाले. "हे प्रभो, आमच्या या भगिनीला विश्रांती दे."

पडवीतून, पायऱ्यांवरून, अंगणातून एकच आवाज उठला. तात्यांनी म्हटलं, खतीजाने ओढणी डोक्यावर घेऊन म्हटलं, ज्यांना ज्यांना त्या बाईने सोडवलं होतं त्या सगळ्यांनी मनापासून म्हटलं. नूतनने ओठ मिटून घेतले होते.

शेजारी भाविकाने हात जोडले, डोळे मिटले आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखा खणखणीत सूर लावायला तोंड उघडलं. नूतनने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

पोर चकित होऊन आईकडे बघू लागली.

"तू नको म्हणू," नूतन तिच्या कानाशी म्हणाली. "तू फक्त थँक्यू म्हण."